मध्यरात्रीच्या रेडिओवर प्रायोगिक संगीत : नव्या सादरकर्त्यांसाठी

लंडनमधील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी काही वर्षे प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताचा मध्यरात्रीचा कार्यक्रम सादर केला. या कामाकडे वळणाऱ्यांनी रेडिओ सादरकर्त्या मेरी अ‍ॅन हॉब्ज यांनी जानेवारी २००६ मध्ये बीबीसी रेडिओ १ वर केलेला डबस्टेप या खोल बेसवर (खर्जावर) उभ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताविषयीचा विशेष कार्यक्रम अवश्य अभ्यासावा. तोवर मुख्यतः लंडनमधील क्लब, परवान्याविना चालणारी केंद्रे आणि मोजक्या प्रतींच्या रेकॉर्डी यांपुरते असलेले हे संगीत त्यांनी माला, स्क्रीम, लोफा अशा निर्मात्यांना स्टुडिओत बोलावून त्यांच्याच हातून देशभर ऐकवले.

निवड जितकी महत्त्वाची, तितकेच प्रक्षेपणाचे ज्ञानही. आवाज काही काळ ठरावीक पातळीखाली राहिला, की केंद्रातील सायलेन्स डिटेक्टर बिघाड झाला असे समजून राखीव ध्वनिमुद्रण सुरू करतो. त्यामुळे दीर्घ शांतता असलेली रचना लावण्यापूर्वी त्याची मर्यादा अभियंत्याकडून जाणून घ्यावी आणि तेवढ्यापुरती ती वाढवून मागावी. परवानगी न मिळाल्यास दुसरी रचना निवडावी. संगीतकाराने योजलेली शांतता निवेदनाने भरून काढणे मला अन्यायाचे वाटते.

ट्रान्समीटरपूर्वीचा प्रोसेसर हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो, म्हणून संथपणे वाढत जाणारा ड्रोन (अखंड लांबवलेला सूर) घरातल्या रेडिओवर जवळजवळ सपाट ऐकू येतो. स्टिरिओच्या दोन बाजूंना परस्परविरुद्ध फेजमध्ये (एकाची ध्वनिलहर दुसऱ्याच्या उलट) ठेवलेले आवाज मोनो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐकवणाऱ्या, संचावर एकमेकांना खोडतात, तर ४० हर्ट्झच्या आसपासचा बेस लहान स्पीकरमधून उमटतच नाही. प्रत्येक रचना आधी मोनोमध्ये तपासावी आणि गरज असेल तेव्हा श्रोत्यांना हेडफोन लावण्यास मोकळेपणाने सांगावे.

निवेदनात संगीतकाराचे नाव, शहर, लेबल आणि आवाज कशातून घडवला ते सांगावे. ‘हे जरा विचित्र वाटेल’ अशी प्रस्तावना मात्र कधीही करू नये. रात्री एक वाजता जागा असलेला श्रोता ऐकण्याच्या तयारीनेच बसलेला असतो.

कार्यक्रम संपल्यावर प्रत्येक रचनेचे शीर्षक, संगीतकार, लेबल आणि कालावधी यांची नोंद त्याच रात्री पूर्ण करावी. ब्रिटनमध्ये रचनाकारांचे मानधन पीआरएस या संस्थेमार्फत, तर वादक व ध्वनिमुद्रणाच्या मालकांचे पीपीएल या संस्थेमार्फत वाटले जाते. स्वतःच्या खोलीत संगीत घडवणारे अनेक तरुण या संस्थांचे सदस्य नसतात. त्यांची रचना लावण्यापूर्वीच त्यांना नोंदणीविषयी कळवावे.