वीकएंडची ट्रिप आणि सोमवारचं स्टँड-अप: या चुका टाळा

मेमोरियल डेच्या, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीच्या, लाँग वीकएंडचा शुक्रवार. साडेपाचला लॅपटॉप मिटला, पावणेसहाला गाडी काढली आणि सव्वाआठ वाजता आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनपासून जेमतेम साठ-पासष्ट मैलांवर, डेलावेअर वॉटर गॅपच्या अलीकडे, ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो. नायगारा अजून तीनशेहून जास्त मैल. वाटेत खायला घेतलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तिथेच संपल्या. हॉटेलात पोचलो तेव्हा पहाटेचे अडीच. शनिवारची सकाळ झोपेत गेली, दुपार बोटीच्या रांगेत. रविवारी थोडं हुंदडलो आणि सोमवारी पुन्हा तोच ट्रॅफिक, उलट्या दिशेने. मंगळवारी मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, लाँग वीकएंड कसा होता? मी म्हटलं, "लाँगच होता."

अमेरिकेत पूर्णवेळ नोकरी सांभाळून फिरण्यातल्या जवळपास सगळ्या चुका आम्ही दोघांनी करून झाल्यात. ट्रिपचा मधला शनिवार सगळ्यांचाच छान जातो. बिघडतात ती दोन टोकं, आणि आपण रजा मात्र मधल्या दिवसांची मोजत बसतो.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणं

ही सगळ्यात महागडी चूक. शुक्रवारी दुपारी तीन ते सात या वेळात न्यू जर्सीतून बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता तुंबलेला असतो. पार्कवे समुद्राकडे जाणाऱ्यांनी, आणि ८० नंबरचा हायवे आपल्यासारख्या डोंगरवाल्यांनी. लाँग वीकएंडला तर दोनपासूनच सुरुवात.

यावर उतारा आहे अर्ध्या दिवसाची रजा. बऱ्याच कंपन्यांत पीटीओ, म्हणजे पगारी रजा, तासांवर मोजतात, त्यामुळे चार तास टाकता येतात. त्या दिवशी सात वाजता लॉगिन करायचं, साडेबारा-एकला निघायचं. या चार तासांच्या बदल्यात रस्त्यावरचे दोन-तीन तास आणि अख्खी शनिवार सकाळ वाचते. सोमवारची पूर्ण रजा टाकून एवढं पदरात पडत नाही.

भारतात टीम असलेल्यांना तर शुक्रवार दुपारसारखी वेळ नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तिकडचे लोक वीकएंडला लागलेले, कुणी पिंग करत नाही. उलट रविवारी रात्री आपण बॅगा उतरवत असतो आणि तिकडे सोमवार उजाडलेला असतो. रात्री अकराला हिंजवडीत सकाळचे साडेआठ. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की तेच आपल्या दहा वाजताच येऊन ठेपतं. म्हणून माझा नियम: शुक्रवार लवकर सोडायचा, रविवार लवकर आटपायचा. रविवारी दुपारी चारच्या आत घरात. कपडे मशीनला लागतात, वरण-भाताचा कुकर होतो आणि रात्रीचा कॉल आला तरी माणूस माणसासारखं बोलतो.

अर्धी रजा मिळणार नसेल तर शुक्रवारी रात्री घरी जेवा, झोपा आणि शनिवारी पहाटे पाचला निघा. मुलांना झोपेतच गाडीत ठेवायचं. सोमवारी सुट्टी असेल तर परतीला सकाळी दहाच्या आत निघा. दुपारी निघालात तर शुक्रवारचा हिशेब पुन्हा चुकता करावा लागतो.

कॅलेंडरवर लाल दिसलं म्हणजे सुट्टी, असं धरणं

फेडरल सुट्ट्या वर्षाला ११. त्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या. खासगी कंपनीने त्या द्याव्यात, किंवा पगारी रजा द्यावी, असा फेडरल कायदा नाही. मेमोरियल डे, लेबर डे, थँक्सगिव्हिंग बहुतेकांना मिळतात. फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे आणि ऑक्टोबरातला कोलंबस डे मात्र नीट विचारून घ्या. आमच्याकडे एका वर्षी नवऱ्याला सुट्टी, मुलीला सुट्टी, आणि मला सकाळी नऊला सॉफ्टवेअरचं रिलीज. मी व्हर्मांटच्या एका हॉटेलच्या लॉबीत लॅपटॉप उघडून बसले होते आणि ती दोघं बाहेर लाल-पिवळ्या मेपलखाली फोटो काढत होती. फोटो छान आलेत. मी त्यात नाही.

क्लायंटकडे तासांवर काम करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. ऑफिस बंद राहिलं तर त्या दिवसाचा पैसा नाही. ट्रिपच्या खर्चात तो बुडालेला दिवसही धरा, मग विमानाचं तिकीट खरं केवढ्याला पडलं ते कळतं.

मुलं असतील तर शाळेचं कॅलेंडर आधी, कंपनीचं नंतर. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. पालकांना नसते. त्या आठवड्यात अर्धं जर्सी ऑर्लँडोला डिस्नेत असतं, त्याला तिकडे 'जर्सी वीक' असंच नाव पडलंय. एडिसनच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर भेटणारी मंडळी तिथल्या रांगेत भेटतात. तुम्हालाही त्याच दिवसांत जायचं असेल तर खुशाल जा, फक्त स्वस्त आणि निवांत मिळेल ही आशा सोडा. आणि रजेचा अर्ज ऑक्टोबरात टाकू नका. टीममध्ये तीन जर्सीकर असतील तर ज्याने जानेवारीत टाकला त्यालाच मिळते.

मैल मोजणं, तास न मोजणं

व्हर्जिनियातल्या शेनांडोआ पार्कचा स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा. हायवेच्या सवयीने आपण म्हणतो, दीड तास. तिथली वेगमर्यादा ताशी ३५ मैल. न थांबता तीन तास, आणि न थांबता कोण जातं? प्रत्येक वळणावर दरी दिसते, मधेच रस्त्यावर हरणं येतात. शनिवारी दुपारी तो संपवून संध्याकाळी लुरेच्या गुहा पाहू, असा बेत आम्ही केला होता. गुहा राहिल्या.

लास वेगासहून 'जवळच' असलेलं ग्रँड कॅन्यन हाही असाच प्रकार. काचेचा स्कायवॉक आहे तो वेस्ट रिम, वेगासहून अडीच तासांच्या आत. पण ती हुआलापाई जमातीची जमीन. नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. पोस्टरवर दिसतं ते साउथ रिम एका बाजूला साडेचार तासांवर. दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये एका दिवसात जाऊन येतो म्हणणाऱ्यांना नऊ तास गाडीतून वाळवंट दिसतं आणि दीड तास दरी.

दोन रात्रींसाठी एका बाजूचा प्रवास पाच तासांच्या आत, हे माझं माप. एडिसनहून पोकोनोज, फिंगर लेक्समधलं वॉटकिन्स ग्लेन, शेनांडोआचं उत्तर टोक या मापात बसतात. मेनमधलं अकेडिया बसत नाही, त्याला चार दिवस द्या. यलोस्टोनचं नाव लाँग वीकएंडच्या संदर्भात काढूच नये. तिथला आतला आठाच्या आकड्यासारखा रस्ताच १४२ मैलांचा आहे.

हॉटेलच्या वेळाही यातच धरा. चेक-इन दुपारी तीन-चारला, चेक-आउट सकाळी अकराला. एकच रात्र मुक्काम असेल तर दोन्ही दिवस सामान गाडीत घेऊन फिरायचं आहे, हे आधीच ठरवून टाका.

पार्क उघडं आहे, मग जाऊ की

आता तसं राहिलं नाही. अकेडियात कॅडिलॅक माउंटनवर गाडी न्यायला २०२१ पासून मे अखेर ते ऑक्टोबरपर्यंत आरक्षण लागतं, गाडीमागे ६ डॉलर. पार्कची प्रवेश फी वेगळी. काही जागा ९० दिवस आधी सुटतात आणि बऱ्याचशा दोन दिवस आधी, सकाळी दहा वाजता. म्हणजे शनिवारच्या सूर्योदयासाठी गुरुवारी दहाला फोनवर तयार बसायचं. आमचं स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, बरोबर दहाला असते. कॅमेरा बंद करून, "नो ब्लॉकर्स" म्हणत म्हणत मी ते तिकीट मिळवलंय.

शेनांडोआतल्या ओल्ड रॅगच्या डोंगराला मार्च ते नोव्हेंबर दिवसाचं तिकीट लागतं, फक्त २ डॉलर, पण आधी काढावं लागतं. झायनमध्ये एंजल्स लँडिंगच्या चढाईला २०२२ पासून परमिट, तेही लॉटरीने. ग्रेट स्मोकीजला प्रवेश फुकट आहे, पण मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर पार्किंग टॅग हवा, दिवसाला ५ डॉलर. नियम दर मोसमाला बदलतात. योसेमिटीला एका वर्षी आरक्षण होतं, पुढच्या वर्षी नव्हतं, मग पुन्हा आलं. मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्यावर विसंबू नका, पार्कच्या सरकारी साइटवर बघा.

रस्त्यांचंही तेच. मेमोरियल डेला उन्हाळा सुरू होतो ही आपली समजूत. ग्लेशियर पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोड तेव्हा वरच्या भागात बहुधा बर्फाखाली असतो.

आईबाबांना तीन दिवसांत अमेरिका दाखवणं

आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि आपण घाईला येतो. प्रत्येक लाँग वीकएंड भरायचा, एकही सोडायचा नाही. वॉशिंग्टनला दुपारच्या उन्हात तिसऱ्या म्युझियमकडे निघाल्यावर बाबा एका बाकावर बसले आणि म्हणाले, "अगं, तुला सोमवारी जायचंय ऑफिसला. आम्हाला कुठं जायचंय? आम्ही बसतो इथं." तासाभराने मी आले तेव्हा शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शीख गृहस्थांशी त्यांची कापसाच्या भावावर चर्चा चालली होती.

त्यांच्यासाठी दिवसाला एकच ठिकाण, आणि शक्य असेल तर आठवड्यातला मधला दिवस. त्यांना शनिवारच काय, मंगळवारही चालतो. एक मंगळवार रजा टाकून गेलात तर गर्दीही निम्मी.

खर्चाचं एक नवीन. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन, अकेडिया अशा ११ पार्कांत नेहमीच्या फीखेरीज माणशी १०० डॉलर जास्त द्यावे लागतात, वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर. वार्षिक पासही इथल्या रहिवाशांना ८० डॉलर, त्यांना २५०. दोन म्हाताऱ्या माणसांचा हिशेब आधी मांडा. न्यूयॉर्क राज्याचा नायगारा स्टेट पार्क या यादीत येत नाही.

कागद घरी ठेवणं

नायगाराला जीपीएसने एकदा आम्हाला थेट रेनबो ब्रिजच्या लेनमध्ये घातलं. पलीकडे कॅनडा. ग्रीन कार्ड नसेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो आणि पुलावर गाडी चढली की मागे वळायची सोय नाही. पाटीवर 'कॅनडा' दिसताच शेवटच्या वळणावर बाहेर पडलो, नवऱ्याचा घाम मी टिश्यूने पुसला. "पलीकडून धबधबा छान दिसतो" हा सल्ला खरा आहे, पण तो व्हिसा असलेल्यांसाठी. वीकएंडच्या धावपळीत सीमा ओलांडायच्या फंदात पडू नका.

सीमा न ओलांडताही कागद लागतात. एच-वन किंवा एच-फोरवर असलेल्या १८ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाने आपली नोंदणीची कागदपत्रं, म्हणजे आय-९४ हा देशात प्रवेश केल्याचा कागद, सोबत बाळगायची असा कायदाच आहे. न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स किंवा टेक्सासमधलं बिग बेंड करून परतताना देशाच्या आतच बॉर्डर पेट्रोलचं नाकं लागतं. पासपोर्ट आणि आय-९४ची प्रिंट ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. क्लाउडवर ठेवलेला फोटो ऐनवेळी उघडत नाही, कारण तिथे सिग्नल नसतो.

रविवारचं शेवटचं विमान

स्वस्त असतं आणि एक जास्तीचा दिवस मिळाल्यासारखं वाटतं. पण दिवसभराचा सगळा उशीर त्या विमानावर येऊन साचतो, आणि ते रद्द झालं तर पुढचं सोमवारी सकाळी. शेवटून दुसरं घ्या. पश्चिमेहून रात्रभराचं रेड-आय घेऊन सोमवारी पहाटे नेवार्कला उतरणं तिशीत जमायचं. आता मी त्या सोमवारी घरून काम आणि दुपारपर्यंत एकही मीटिंग नाही, असं आधीच कॅलेंडरवर लावून ठेवते.

फसलंच तर: विमान रद्द झालं, किंवा देशांतर्गत विमानाला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि तुम्ही जायचं नाही ठरवलं, तर तिकिटाचे पैसे परत मिळायला हवेत. व्हाउचर पुढे केलं तर नको म्हणा. तिकीट काढल्यावर २४ तासांत फुकट रद्द करता येतं हेही खरं, पण उड्डाणाला किमान सात दिवस असतील आणि थेट एअरलाइनकडून काढलं असेल तरच. गुरुवारी रात्री उत्साहात शनिवारचं काढलेलं तिकीट यात बसत नाही.

घड्याळाचा एक घोळ. उन्हाळ्यात ॲरिझोनाची घड्याळं पुढे जात नाहीत, त्याच राज्यातल्या नवाहो नेशनची जातात. पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनच्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने चालतात आणि फोन मात्र कुठल्याही टॉवरचं ऐकतो. आम्ही तिथे पूर्ण एक तास आधी पोचलो. पार्किंगमध्ये, भर उन्हात, सकाळी केलेली लसणाची चटणी लावलेली सँडविचेस खात बसलो. गाईडने खिडकीतून डोकावून विचारलं, कसला वास येतोय. अर्धं सँडविच त्याला दिलं.