गेटचा रिमोट गाडीत कुठे ठेवायचा? आधी करायची तयारी

पाऊस लागला की मोटरच्या गेटची किंमत कळते. साताऱ्याचा जुलै म्हणजे दिवसदिवस रिपरिप. गाडीतून उतरायचं, छत्री उघडायची, गेटची दोन्ही पानं ढकलायची आणि परत येऊन बसायचं, एवढ्यात माणूस आणि सीट दोन्ही ओली. म्हणून बऱ्याच घरांनी गेटला नाहीतर पार्किंगच्या शटरला मोटर बसवून घेतली. मोटरवाला दोन रिमोट हातात देतो आणि जातो. ते रिमोट मग कधी पर्समध्ये, कधी कपहोल्डरमध्ये, कधी सीटच्या फटीत. घरासमोरच्या चढावर गाडी उभी करून, मान खाली घालून रिमोट चाचपडत बसणं धोक्याचं आहे, आणि एका सकाळच्या तयारीत ते टळतं. कसोटी एकच धरायची: पट्टा लावलेला आणि नजर रस्त्यावर असताना हात सरळ बटणावर गेला पाहिजे, आणि गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देताना तोच रिमोट तेवढ्याच सहज निघाला पाहिजे. बाकीची सगळी यादी या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी रिमोटच नीट बघून घ्या. मागचं झाकण उघडून आत सेल कोणता आहे ते वाचा. चपटा असेल तर बहुधा सीआर २०३२ किंवा सीआर २०१६. या आकड्यांतच माप लिहिलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ नाहीतर १.६. जाडाच्या जागी पातळ सेल घातला तर तो सैल बसतो आणि रस्त्याच्या धक्क्याने सुटतो. लांबट, बोटाच्या पेराएवढा सेल असेल तर तो १२ व्होल्टचा, २३ए किंवा २७ए. दोघांची लांबी जवळपास सारखी, पण २७ए बारीक असतो, म्हणून दुकानात जाताना जुना सेल बरोबर घेऊन जा. एक जास्तीचा आणून ठेवा, मात्र पाकिटातून काढून गाडीत मोकळा टाकू नका. चपटा सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. तशी शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. घरात लहान मूल असेल तर झाकण स्क्रूचं आहे की नुसतं दाबून बसवायचं, हे आत्ताच बघा. दाबून बसवायचं असेल तर मुलाच्या हाताला लागणाऱ्या सगळ्या जागा पहिल्याच फेरीत बाद करा.

मग गाडी बाहेर काढा आणि घरातल्या कुणाला तरी गेटपाशी उभं करा. रिमोट कुठून चालतो हे रस्त्यावरच कळतं. गेटचे पुष्कळ रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. ही लहर काचेतून जाते, पत्र्यातून जात नाही, त्यामुळे गाडीत जितकं खाली आणि आत जाल तितका पल्ला कमी होतो. ग्लोव्हबॉक्समधून दाबून बघा आणि मग काचेजवळून दाबून बघा, फरक लगेच दिसेल. पुढच्या काचेवर ऊन अडवणारा धातूचा थर असेल तर समोरून कमी आणि बाजूच्या काचेतून जास्त, असंही होतं. कुठल्याच जागेवरून नीट चालत नसेल तर मोटरवाल्याला बोलावून मोटरच्या डब्यातल्या रिसीव्हरची, म्हणजे रिमोटचा संदेश पकडणाऱ्या भागाची, अँटेना दाखवायला सांगा. ती बहुधा साधी वायर असते, साधारण १७ सेंटिमीटरची, म्हणजे त्या लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा. ती डब्यात गुंडाळून कोंबलेली असेल तर सरळ करून घ्यायची. त्या डब्यात घरची वीज येते, स्वतः हात घालू नका.

पल्ला खूप लांबचा मिळाला म्हणून खूश व्हायचं कारण नाही. गेट दिसत नसेल तिथून ते उघडायचं नाही. आत मूल खेळत असेल, कुत्रं गेटला पाठ टेकून झोपलेलं असेल. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या दाराच्या नव्या मोटरला, वाटेत काही आलं तर दार उलट फिरेल अशी सोय १९९३ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे फोटोसेल, म्हणजे गेटच्या वाटेत काही आलं की ओळखणारा सेन्सर, बऱ्याचदा वेगळ्या हिशेबात धरला जातो आणि खर्च वाचवायला लोक तो वगळतात. कृपा करून वगळू नका. बारा-तेरा फुटांचं सरकतं गेट उघडायला वीसेक सेकंद लागतात, म्हणजे गल्लीत वळून गेट नजरेला पडल्यावर बटण दाबलं तरी फार थांबावं लागत नाही. रोज बटण दाबायची ती जागा मनात पक्की करा, एखादा खांब किंवा शेजाऱ्यांच्या कुंपणाचा कोपरा धरून. पुढचं सगळं त्या जागेवरून ठरवायचं आहे.

आता त्या खांबापाशी गाडी उभी करून हात तपासा. यादीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. गाडीत कप्पे कुठे रिकामे आहेत ते बघतात आणि रिमोट तिथे टाकतात. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे, गिअर आणि हँडब्रेक डावीकडे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला किंवा यवतेश्वरच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांचं गेट चढावरच असतं. तिथे थांबलात की पाय ब्रेकवर, डावा हात हँडब्रेक आणि गिअरमध्ये अडकलेला. मोकळा असतो तो उजवा हात. तेव्हा चढावरच्या घराला रिमोट उजव्या बाजूलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. सपाट गल्लीत राहत असाल, गाडी ऑटोमॅटिक असेल, तर डावी बाजूही चालेल. सीट रोजच्या जागी घ्या, पट्टा लावा, गाडी बंद असताना डोळे मिटा आणि हात उचलून बघा. तो आपोआप कुठे जातो? पट्टा न लावता हे करून उपयोग नाही, कारण पट्टा खांदा धरून ठेवतो आणि सोडल्यावर जी जागा जवळची वाटते ती लावल्यावर लांब जाते.

गाडी चालवणारे घरात दोघं असतील तर दोघांनीही बसून बघायचं. आमच्याकडे मी आणि सासरे, दोघंही चालवतो. आप्पांची सीट पार मागे, माझी पुढे. त्यांचा हात जिथे सहज जातो तिथे माझं कोपर दाराला अडतं. अशा वेळी ज्याला त्रास जास्त त्याच्या सोयीची जागा धरावी; उंच माणसाला थोडं वाकता येतं, ठेंगण्याला हात लांब करता येत नाही.

जागांपैकी मला सगळ्यात पटलेली म्हणजे स्टिअरिंगच्या उजवीकडे, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला असलेला सुट्या पैशांचा छोटा कप्पा. तो बऱ्याच गाड्यांत असतो. तिथे ऊन थेट पडत नाही, बाहेरून दिसत नाही आणि उजवा हात स्टिअरिंगवरून खाली आला की तिथेच टेकतो. तळ गुळगुळीत असतो, तेवढा रबराचा तुकडा घालावा लागतो. दाराचा कप्पाही उजवीकडेच, पण तिथे पाण्याची बाटली, फडकं, पावत्या यांची गर्दी, आणि पावसात दार उघडलं की आत पाणी. काही गाड्यांत छताला चष्म्याचा कप्पा असतो. ज्यांचा डावा हात मोकळा असतो त्यांना तो उत्तम, फक्त रिमोट आत वाजू नये म्हणून खाली कापड हवं. आर्मरेस्टच्या डब्यात ठेवला तर आधी झाकण उघडा, मग शोधा, म्हणून नको. गिअरसमोर मोबाईलचा वायरलेस चार्जर असेल तर त्यावर रिमोट कधीच ठेवू नका. चार्जरवर धातूची वस्तू तापते. कपहोल्डरमध्ये किल्ल्या आणि नाण्यांशेजारी बटण आपोआप दाबलं जातं आणि भर दुपारी घरचं गेट उघडतं.

सन व्हायझरचं वेगळं सांगते, कारण रिमोटबरोबर क्लिप येते आणि बहुतेक जण ती व्हायझरला लावून मोकळे होतात. सकाळी ये-जा करणाऱ्याला ती जागा छान आहे. पण संध्याकाळी हायवे सोडून बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून पोवई नाक्याकडे यायला लागा. तोंड पश्चिमेला आणि मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. व्हायझर खाली घ्यावाच लागतो, आणि तो घेतला की त्याच्या पोटाला लावलेला रिमोट काचेच्या बाजूला जातो. बटण दिसत नाही, हात व्हायझरमागे घालावा लागतो, तोही घराजवळच्या गर्दीत. रोज त्या वेळेला, त्या दिशेने घरी येणाऱ्यांनी व्हायझरचा नाद सोडावा.

काही जागा मात्र कुणासाठीच नाहीत. जिथे एअरबॅग असं कोरलेलं आहे, मग ते स्टिअरिंगचं मधलं झाकण असो, डॅशबोर्डची डावी बाजू असो की काचेशेजारचा खांब, तिथे काहीही चिकटवायचं नाही. एअरबॅग फुटताना त्यावरची वस्तू गोळीसारखी अंगावर येते. डॅशबोर्डवर काचेखाली रिमोट ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते आणि डॅशबोर्ड त्याहून तापतो. चपटे लिथियम सेल सर्वसाधारणपणे ६० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असतात. आणि रिमोट कुठेही मोकळा सोडू नका, कारण घरंगळत तो ब्रेकच्या पेडलखाली गेला तर पेडल दाबलं जाणार नाही. साताऱ्याच्या उतारांवर याचा अर्थ काय ते सांगायला नको.

जागा ठरली की सामान गोळा करा: वेल्क्रोची पट्टी, पुसायला स्पिरिट, सुती कापड, थोडा पातळ रबर. दुहेरी टेपने रिमोट कायमचा चिकटवू नका, तो काढता यायला हवा. वेल्क्रोचा मऊ भाग रिमोटला आणि खरखरीत भाग गाडीला लावा, म्हणजे खिशात ठेवल्यावर कपड्यांना अडकत नाही. प्लॅस्टिक स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरा आणि एक दिवस त्यावर काही टांगू नका. कापडी किंवा दाणेदार प्लॅस्टिकवर गोंद टिकत नाही. पावसाळी दमट दिवशी हे काम करूच नका. रिमोटला दोन बटणं असतील तर रोजच्या बटणावर रंगाचा किंवा फेव्हिकॉलचा वाळलेला ठिपका ठेवा, अंधारात बोटाला कळतो.

मग यवतेश्वरचा घाट चढून-उतरून या, नाहीतर पुण्याहून येताना खंबाटकी घाटात बघा. वळणांवर आणि स्पीडब्रेकरवर रिमोट हलला, वाजला किंवा सुटला, तर जागा बदला. घाटात टिकला तो गल्लीत टिकतोच.

आता दुसरी बाजू. गाडीतला रिमोट म्हणजे घराची किल्ली आहे. राजवाड्यापाशी किंवा मोती चौकात गाडी रस्त्यावर लावून तुम्ही खरेदीला गेलात, काच फोडून कुणी आत हात घातला, तर ग्लोव्हबॉक्समधल्या आरसीवर पत्ता आणि शेजारी गेटचा रिमोट, दोन्ही एकत्र मिळतात. डिजिलॉकरमधली आरसी २०१८ पासून वैध धरली जाते, त्यामुळे कागद गाडीत ठेवायची गरज उरलेली नाही. सर्व्हिसिंगला, धुवायला, पार्किंगवाल्याला गाडी देताना रिमोट काढून खिशात टाकायची सवय लावा. मोटरवाल्याला एवढं विचारा: रिमोट फिक्स कोडचा आहे की रोलिंग कोडचा? फिक्स कोडचा रिमोट थोडा वेळ जरी दुसऱ्याच्या हातात गेला तरी स्वस्तातल्या कॉपी रिमोटवर त्याची नक्कल होते. रोलिंग कोड दर वेळी बदलतो, तशी साधी नक्कल होत नाही. नवी मोटर घेणाऱ्यांनी रोलिंग कोडच मागावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. गाडी विकताना किंवा रिमोट हरवल्यावर रिसीव्हरची मेमरी पूर्ण पुसून हातातले रिमोट पुन्हा जोडून घ्यायचे. मोटर बसवतानाच ही कृती मोटरवाल्याकडून समजून घेऊन लिहून ठेवा.

राहिली वीज. वादळात वीज गेली आणि मोटरला बॅटरी नसेल तर रिमोट कितीही हाताशी असला तरी गेट जागचं हलत नाही. मोटर मोकळी करायची एक किल्ली असते, ती घरात खुंटीला टांगलेली असेल आणि घर बंद असेल तर तुम्ही बाहेरच. ती किल्ली आणि छोट्या गेटची किल्ली, दोन्ही रोजच्या जुडग्यात घाला, गाडीत नको. आणि मे संपायच्या आत एकदा त्या किल्लीने मोटर मोकळी करून गेट हाताने सरकवून बघा; वर्षभर न फिरवलेलं कुलूप गंजून बसतं, आणि ते सोडवायला तेल घालून दोन-तीन दिवस तरी द्यावे लागतात.