मोकाट जनावरांचा बंदोबस्त : रब्बीसाठी गावाची तयारी

खरिपाची सुगी आटोपली की अनेक गावांत जनावरे दावणीतून सोडली जातात, आणि त्याच सुमारास हरभरा, गहू व रब्बी ज्वारी ही पिके कोवळी असतात. रात्री शिरलेला कळप खातो त्याहून अधिक तुडवतो. आपल्या बांधावरून हाकललेला कळप बहुधा शेजाऱ्याच्याच वावरात जातो, त्यामुळे एकेकट्याने जागल करून हा प्रश्न सुटत नाही. बंदोबस्त साऱ्या शिवाराचा करावा लागतो.

ट्रॅक्टरमुळे बैलांचे काम कमी झाले, संकरित गाईंच्या गोऱ्ह्यांना मागणी राहिली नाही आणि मार्च 2015 पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. या कायद्याविषयी मत काहीही असो, ज्या मालकाला वैरण परवडत नाही त्याचे जनावर रस्त्यावर येणार, हे धरूनच गावाने नियोजन करावे.

हरभरा फुलोऱ्यात येण्यापूर्वी ग्रामसभा घेऊन मोकाट जनावरांची मोजणी करावी. कानातील बिल्ल्यावरच्या 12 अंकी क्रमांकावरून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने मालक शोधता येतो. ग्रामपंचायत अधिनियम 1958 मध्ये कोंडवाड्याची तरतूद आहे, परंतु बऱ्याच गावांतील कोंडवाडे पडके आहेत. कुंपण, सावली, पाण्याचा हौद आणि वैरणीचा साठा यांची सोय होईपर्यंत दंडाची दवंडी पिटू नये, कारण उपाशी जनावरे कोंडणारी समिती आठवडाभरही टिकत नाही. सुमारे 300 किलो वजनाच्या जनावराला रोज 6 ते 8 किलो कोरडी वैरण लागते. सोयाबीन व तुरीचे कुटार जाळून न टाकता कोंडवाड्यासाठी गोळा केल्यास हा भार बराच हलका होतो. दिवसा चराईसाठी सामाईक गुराखी नेमावा आणि त्याची राखोळी (गुरे राखण्याची मजुरी) घरटी ठरवावी.

गायरान व डोंगरउतारावरील मोकाट चराई याच बैठकीत थांबवावी. गवताचे बी पडण्याआधीच ते खाल्ले गेले तर पुढच्या वर्षी मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवते विरळ होतात, रोपे खुडली जातात आणि समतल चरांचे काठ ढासळतात. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी एकत्र पाळली. तिथे गवत कापून आणण्याची मुभा होती, म्हणूनच पशुपालकांना बंदी जाचक वाटली नाही.

कापणी झालेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांवर जनावरे सोडू नयेत, किराळ लागून (कोवळ्या ज्वारीतील विषाची बाधा होऊन) ती दगावतात. जनावर अडवण्यासाठी कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह कधीही सोडू नये; त्यात माणसे मेली आहेत आणि असे करणे गुन्हाही आहे. सौर कुंपण घेतल्यास तारेला टेकणारे गवत वेळोवेळी काढावे, अन्यथा झटका क्षीण होतो.

मोकाट वळूंचे खच्चीकरण पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. देवाला सोडलेल्या वळूचा विषय नाजूक असतो, तेव्हा गावातील जाणत्यांशी आधी बोलून घ्यावे. पुढील वर्षी नको असलेले गोऱ्हे वाढू नयेत यासाठी दुधाळ गाईंना लिंगवर्गीकृत रेतमात्रा (मादी वासरू व्हावे म्हणून निवडलेले वीर्य) द्यावी. तिच्यापासून सुमारे 90 टक्के कालवडी जन्मतात.