डीकेआयएम फेल, 'बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय': दोष ओळीच्या शेवटी होता

डीकेआयएम म्हणजे मेल वाटेत बदललं नाही हे दाखवणारी डिजिटल सही; त्यात मजकुराचा हॅश, म्हणजे ठसा, असतो आणि तोच जुळत नव्हता. अंधेरीतल्या ऑफिसातून जाणारी साधी मेलं या तपासणीत पास, पण सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं तेवढी फेल. सहीची की (किल्ली) बदलली, तिचा डीएनएस रेकॉर्ड पुन्हा टाकला, मजकूर तपासायची पद्धत कडक 'सिंपल'वरून सैल 'रिलॅक्स्ड' केली. फरक शून्य, डोकं उठलं. 'रिलॅक्स्ड' फक्त स्पेस, टॅब आणि शेवटच्या रिकाम्या ओळी सांभाळून घेतं, सुटा सीआर नाही. सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) ही ओळ संपल्याची न दिसणारी चिन्हं; मेलमध्ये ती जोडीनेच, सीआरएलएफ अशी हवीत.

पाठवायच्या मेलची कच्ची फाइल 'ओडी -सी' या न दिसणारी चिन्हं दाखवणाऱ्या कमांडने उघडली. ओळीअखेर सीआर, सीआर, एलएफ! टेम्प्लेट विंडोजवरचं, त्यात आधीच सीआर. लिनक्सवरची स्क्रिप्ट प्रत्येक एलएफच्या आधी आणखी एक सीआर जोडत होती. सही या मजकुरावर व्हायची आणि वाटेतला सर्व्हर सुटा सीआर दुरुस्त करायचा. मग हॅश जुळणार कसा?

उपाय, याच क्रमाने: आधी मजकुरातले सगळे सीआर काढा. मग प्रत्येक एलएफचं एकदाच सीआरएलएफ करा. त्यानंतर सही. सहीनंतर मजकुराला हात नाही. तळटीप जोडणारा फिल्टर असेल तर तो सहीच्या आधी आणा. सही करणाऱ्या ओपनडीकेआयएम या प्रोग्रॅममध्ये 'फिक्ससीआरएलएफ' पर्याय आहे, तो यस करून सर्व्हिस रीस्टार्ट करा. पण तो दुय्यम, मुळात स्क्रिप्टच सुधारा.

शेवटी बाहेरच्या खात्यावर मेल पाठवून 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' हेडर पाहा: डीकेआयएम=पास.