सी प्रोग्रॅममध्ये पहिला थ्रेड सुरू करण्याआधी

वर्षानुवर्षं एकाच थ्रेडवर (सूचनांच्या एकाच प्रवाहावर) बिनतक्रार चाललेला सी प्रोग्रॅम मल्टिथ्रेडेड, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेड चालवणारा करायचा असेल, तर आधी सगळा कोड ग्रेप करा, म्हणजे ग्रेप या कमांडने त्यात नावं शोधा. शोधायची आहेत ती लायब्ररीतली अशी फंक्शन्स, जी स्वतःच्या पोटात काहीतरी साठवून ठेवतात. तुमची ग्लोबल व्हेरिएबल्स तुमच्या डोळ्यांसमोर असतात, त्यांना म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) लावायचं सुचतंच. लायब्ररीच्या आतले स्टॅटिक बफर (सगळ्या कॉलना मिळून एकच असलेली साठवणीची जागा) दिसत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून.

पहिलं नाव स्ट्रटोक, म्हणजे स्ट्रिंगचे तुकडे करणारं फंक्शन. ‘स्ट्रिंग कुठवर तोडली’ ही खूण ते स्वतःकडेच ठेवतं, त्यामुळे दोन थ्रेडनी ते एकदम वापरलं की एकाचे तुकडे दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. सगळीकडे स्ट्रटोक_आर घाला. त्यात ती खूण ठेवायची जागा तुम्हीच देता.

स्थानिक तारीख-वेळ काढून देणाऱ्या लोकलटाइमला जास्त वेळ द्या. ते लायब्ररीतल्याच एका स्ट्रक्टचा पत्ता परत देतं. एका थ्रेडने आत्ताची वेळ मागितली, पत्ता मिळाला. तास-मिनिटं वाचायच्या आत दुसऱ्या थ्रेडने जुन्या फाइलची तारीख मागितली, की पहिल्याच्या लॉगमध्ये ती जुनी तारीख उमटते. प्रोग्रॅम क्रॅश होत नाही, म्हणून हा बग महिनोन्‌महिने लपून राहतो. अशाच एका लॉगपायी आम्ही दोन दिवस सर्व्हरचं घड्याळ तपासत बसलो होतो. जीएमटाइम, सीटाइम, एएससीटाइम त्याच कुळातली. लोकलटाइम_आर वापरा, आणि मेनच्या सुरुवातीला टाइमझोन वाचणारं टीझेडसेट एकदा बोलवा, कारण टाइमझोन स्वतःहून वाचायचं बंधन पॉझिक्सने (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाने) लोकलटाइम_आरवर घातलेलं नाही.

एररच्या क्रमांकाचा मजकूर देणाऱ्या स्ट्रएरर_आरची दोन रूपं आहेत: पॉझिक्सचं रूप पूर्णांक देतं, ग्नूचं (ग्नू सी लायब्ररीचं) रूप स्ट्रिंगचा पॉइंटर. ग्नूचं रूप तुमच्या बफरला हातही न लावता आपलीच स्ट्रिंग देऊ शकतं, तेव्हा कोणतं रूप लिंक होतंय ते पाहूनच कोड लिहा. एररनो (शेवटच्या एररचा क्रमांक) प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो, त्याची चिंता नको; फक्त पुढचा कॉल करण्याआधी त्याची किंमत उचलून ठेवा. मेमरी घेणारं मॅलॉक आणि ती परत करणारं फ्री सुरक्षित आहेत.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग) बदलणाऱ्या सेटएन्व्हचे सगळे कॉल थ्रेड सुरू होण्याआधी उरकून घ्या. याबाबतीत मी अजिबात सूट देत नाही. एन्व्हायर्नमेंटची यादी वाढली की ती मेमरीत दुसरीकडे हलू शकते, आणि त्याच क्षणी दुसरा थ्रेड गेटएन्व्हमधून जुनी जागा वाचत असू शकतो. आपला म्यूटेक्स लावून भागत नाही, कारण लायब्ररी स्वतःच आतून एन्व्हायर्नमेंट वाचते आणि तिला तुमचा म्यूटेक्स माहीत नसतो. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचे संकेत ठरवणारं सेटलोकेलही सुरुवातीलाच: ते सगळ्या प्रोसेसला लागू होतं, आणि एका थ्रेडने जर्मन लोकेल लावलं की दुसऱ्याच्या स्ट्रटोडीला (स्ट्रिंगमधून दशांश संख्या वाचणाऱ्या फंक्शनला) दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम हवा असतो. एका थ्रेडपुरतं बदलायचं तर यूजलोकेल आहे.

प्रिंटएफ दर कॉलला त्या फाइलचं लॉक घेतं. पण एक ओळ दोन कॉलमध्ये छापत असाल तर मध्येच दुसऱ्याची ओळ घुसते. आधी एसएनप्रिंटएफने पूर्ण ओळ बांधा, मग एकदाच छापा.

चालू प्रोसेसची प्रत, म्हणजे चाइल्ड, बनवणारं फोर्क कुठे आहे तेही शोधा. चाइल्डमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड उरतो. दुसऱ्याने धरलेलं लॉक तिथे उघडायला कुणीच नसतं. एक्झेक होईपर्यंत (चाइल्डमध्ये नवा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत) सिग्नल हँडलरमध्ये चालणारीच फंक्शन्स वापरा.

शंका आली की त्या फंक्शनच्या मॅन पेजमधला (युनिक्सच्या माहितीपानातला) अ‍ॅट्रिब्यूट्सचा तक्ता उघडा. ‘एमटी-सेफ’ (अनेक थ्रेडमध्ये सुरक्षित) एवढंच वाचून थांबू नका; पुढे ‘एन्व्ह’ किंवा ‘लोकेल’ असेल तर दुसरं कुणी ती गोष्ट बदलत नाही तोवरच ते सुरक्षित.

मग थ्रेडसॅनिटायझर, म्हणजे रेस (दोन थ्रेडनी एकच जागा एकदम वापरण्याची चूक) पकडणारं कंपायलरचं साधन, लावून बिल्ड करा. प्रोग्रॅम ५ ते १५ पट मंदावेल, मेमरी ५ ते १० पट लागेल. कोडचा जो भाग प्रत्यक्ष चालला त्यातलीच रेस त्याला सापडते, त्यामुळे एरर हाताळणारा कोडही टेस्टमध्ये मुद्दाम चालवा.