घरफाळा थकलाय, पेन्शन अडलंय: आधी कुठल्या खिडकीवर जायचं

सांगलीकडे घरफाळा म्हणतात, साताऱ्याकडे घरपट्टी. नाव काहीही घ्या, अडकण्याची तऱ्हा एकच. ग्रामपंचायतीत सांगतात, "आधी थकबाकी भरा, मग दाखला." तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत सांगतात, "दाखला आणा, मग अर्ज." आणि पेन्शन सुरू झाल्याशिवाय थकबाकी भरायला पैसे कुठून यायचे, हे कुणीच सांगत नाही.

ही साखळी वाटते तेवढी पक्की नाही. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेच्या अर्जाला रहिवासाचा दाखला लागतो, पण तो ग्रामसेवकाचाच (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) असावा लागतो असं नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार किंवा तहसीलदार यांचाही चालतो. थकबाकीशी ज्याचा खरोखर संबंध आहे तो दाखला वेगळाच आहे: 'येणे बाकी नसल्याचा दाखला'. तो पैसे भरल्याशिवाय मिळणार नाही, हे रास्तच आहे, पण पेन्शनच्या अर्जाला तो लागत नाही. दोन्ही दाखल्यांची सरमिसळ होते, बहुतेक वेळा वसुलीच्या दडपणामुळे, आणि मार्चमध्ये तर हमखास.

म्हणून क्रम असा ठेवा: पेन्शनचा अर्ज थांबवू नका, आणि त्याच आठवड्यात थकबाकीचा खरा आकडा काढा.

आकडा आधी, पैसे नंतर

"तुमचे अकरा हजार झालेत" हे तोंडी ऐकून घरी येऊ नका. ग्रामपंचायतीत तीन नमुने मागा. नमुना 8 म्हणजे आकारणीची नोंद: घर कुणाच्या नावावर, किती चौरस फूट, कसल्या बांधकामाचं, कर किती. नमुना 9 म्हणजे मागणीची नोंद: मागची बाकी किती आणि चालू किती. नमुना 10 म्हणजे भरल्याची पावती. नमुना 8 चा उतारा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खालच्या सेवांमध्ये येतो, त्यामुळे लेखी अर्ज दिला की तो ठरलेल्या मुदतीत देणं बंधनकारक आहे.

मग घरातल्या जुन्या पावत्या काढून वर्षवार नमुना 9 शी ताडून बघा. भरलेलं वर्ष पुन्हा बाकीत दिसणं, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. कृष्णाकाठच्या गावांत 2019 आणि 2021 च्या महापुरात पावत्या गेल्या असतील तर कार्यालयातल्या पावती पुस्तकाची स्थळप्रत बघू द्या, असा अर्ज करा. वर्ष आणि अंदाजे महिना सांगितला तर शोधणं सोपं जातं.

दुसरी चूक नमुना 8 मध्ये दडलेली असते. ग्रामपंचायतीचा कर आता भांडवली मूल्यावर निघतो. क्षेत्रफळ, जमिनीचा आणि बांधकामाचा दर, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक एवढ्यावर तो ठरतो. मातीच्या भिंतींचं पत्र्याचं घर 'आरसीसी' म्हणून चढलं, चाळीस वर्षांच्या घराला घसारा लावलाच नाही, किंवा पुढच्या खोलीत कधीकाळी चालवलेल्या किराणा दुकानामुळे वापर 'वाणिज्य' राहून गेला, तर कर दरवर्षी जास्तच येत राहतो. पडलेली पडवी किंवा पाडलेला गोठाही कागदावर उभाच असतो. दुरुस्तीचा अर्ज फोटोसह द्या आणि प्रत्यक्ष मोजणीची मागणी करा. ऐकलं नाही तर अपील पंचायत समितीकडे. बिल हातात आल्यावर लगेच करा. चार वर्षांनी केलेल्या तक्रारीला "इतके दिवस का गप्प होता" एवढंच उत्तर मिळतं.

बिलातल्या ओळीही वेगवेगळ्या वाचा. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी आणि नळाची विशेष पाणीपट्टी. नळ तोडून घेतला असेल आणि विशेष पाणीपट्टी चढतच असेल, तर तोडल्याच्या तारखेचा कागद दाखवून ती ओळ थांबवायची. कनेक्शन बंद करताना अर्जाची पोच घेतली नसेल, तर इथे गाडी अडते.

पाटण, जावळीकडे आणखी एक प्रकार फार. माणसं माथाडी कामाला मुंबईला, गावचं घर आजोबांच्या नावावर, बाकी दहा वर्षांची. आजोबा वारले, वारस चौघे, आणि नोटीस गावात राहणाऱ्या एकट्या चुलतीच्या हातात. आधी वारस नोंदीचा अर्ज द्या, मग बाकी वाटून घ्या. चुलतीने सगळी रक्कम उसनवारीने भरली म्हणून घर तिच्या नावावर होत नाही.

गावाची बाकी आणि शहराची बाकी सारखी नाही

ग्रामपंचायतीचा कर वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत भरला तर 5 टक्के सूट असते. वर्ष संपेपर्यंत भरला नाही तर 5 टक्के दंड. नगरपरिषदेत (सातारा, कराड, फलटण, वाई, तासगाव, विटा) आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत मात्र मुदतीनंतर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) चढते. 4,000 रुपये बाकी असेल तर महिन्याला 80, वर्षाला 960. गावात घर आणि शहरात खोली, दोन्हीकडे थकलं असेल आणि हातात एकाचेच पैसे असतील, तर शहराचं आधी भरा. गावात सरपंचांची ओळख आहे म्हणून उलटं करतात, आणि शास्ती मुद्दलाला गाठते.

शास्ती माफीची अभय योजना येते तेव्हा मुद्दल भरण्याची तयारी लागते. नगरपरिषदांच्या शास्तीसाठी 2025 मध्ये मंत्रिमंडळाने अशा योजनेला मान्यता दिली. आपल्या नगरपरिषदेत ती सुरू आहे का आणि शेवटची तारीख कोणती, हे कर विभागात विचारा. माफी शास्तीची, मुद्दलाची नव्हे. आणि "योजना येईल तेव्हा बघू" म्हणून बसलात तर तोवर दरमहा 2 टक्के चालूच.

हप्ते हा हक्क नाही, विनंती आहे. पण लेखी आणि पहिल्या हप्त्यासह आलेली विनंती सहसा परत पाठवत नाहीत. अर्ज चार ओळींत पुरतो:

"मालमत्ता क्रमांक ___ ची एकूण बाकी रु. ___ असल्याचे दि. ___ च्या मागणी बिलावरून कळले. माझे उत्पन्न अल्प असून एकरकमी भरणा शक्य नाही. आज रु. ___ भरत असून उर्वरित रक्कम दरमहा रु. ___ प्रमाणे भरण्यास मुभा मिळावी व तोवर नळजोडणी खंडित करू नये, ही विनंती."

दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हप्ता झेपेल तेवढाच लिहा. 1,500 च्या पेन्शनवर 1,000 चा हप्ता लिहिणारा तिसऱ्या महिन्यात खाडा करतो, आणि दुसऱ्यांदा त्याचं कुणी ऐकत नाही. 200 किंवा 300 लिहा. प्रत्येक वेळी पावती घ्या, आणि त्यावर 'मागील बाकी' किती, 'चालू' किती हे वेगळं लिहून घ्या. घरी आलेल्या शिपायाकडे पैसे द्यायला हरकत नाही, पण पावती पुस्तक सोबत असेल तरच.

नोटिशीला घाबरून घर सोडून जाणारेही आहेत. क्रम बिल, मागणी नोटीस आणि त्यानंतर जप्ती असा असतो. थेट जप्तीवर येत नाहीत. जप्ती झालीच तरी अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं उचलता येत नाहीत. प्रत्यक्षात आधी तुटतो तो नळ.

राष्ट्रीय लोक अदालतीची नोटीस आली तर जा. ते फौजदारी समन्स नाही. तडजोडीसाठी बोलावणं आहे. तिथे रकमेवर बोलता येतं, हप्ते मागता येतात. मात्र तडजोडीवर सही झाली की निवाड्याविरुद्ध अपील नाही, म्हणून वर सांगितलेला वर्षवार हिशेब खिशात असल्याशिवाय सही करू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि वार्षिक 3 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं.

साताऱ्यात सैनिकी घरं खूप, म्हणून हे मुद्दाम: माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना एका घराच्या मालमत्ता करातून माफी देणारी योजना 2020 पासून आहे, ग्रामपंचायतीतही आणि शहरातही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. माफी आपोआप लागत नाही, मागावी लागते.

पेन्शनचा अर्ज कुठे फसतो

65 च्या आतल्या विधवा, दिव्यांग, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. 65 आणि पुढे श्रावणबाळ. रक्कम दरमहा 1,500. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2,500. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000, दिव्यांगांना 50,000. राज्यात किमान 15 वर्षांचं वास्तव्य लागतं.

21,000 हा आकडा आजच्या मजुरीच्या दराने हास्यास्पद आहे, पण अर्ज त्यावरच पडतात. तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्याऐवजी दारिद्र्यरेषेच्या यादीतला साक्षांकित उतारा चालतो, त्यामुळे नाव यादीत आहे का ते पहिल्यांदा बघा. नसेल आणि म्हातारी आई मुलाच्याच रेशनकार्डावर असेल, तर मुलाचं उत्पन्न तिच्या कुटुंबात धरतात. खरोखर वेगळी चूल असेल तर आधी रेशनकार्ड विभक्त करा, मग उत्पन्नाचा दाखला काढा. नसलेली विभक्ती कागदावर दाखवू नका. स्वयंघोषणापत्रावर सही तुमची असते. नातवाच्या शिष्यवृत्तीला त्याच वर्षी 80,000 चा दाखला काढला असेल तर तोही नोंदीत दिसतो.

वास्तव्याचा पुरावा आटपाडी, खानापूरच्या गलाई कामगारांच्या (सोनं-चांदी गाळायच्या कामाला परराज्यात गेलेल्यांच्या) घरात अडतो. नवरा परराज्यात वारला, बाई परत आली, आधारवर पत्ता तिकडचा. अशा वेळी मृत्यूचा दाखला तिथूनच आणावा लागतो. सोबत बाईचा शाळा सोडल्याचा दाखला, मतदार यादीतलं जुनं नाव, सासरच्या रेशनकार्डावरची नोंद असे इथल्या वास्तव्याचे कागद जोडा. आधारवरचा पत्ता अर्जाआधी बदला. माहेरचं आणि सासरचं नाव जुळत नसेल तर तेही तेव्हाच.

वयाला शाळेचा दाखला नसेल तर मतदार यादी किंवा सरकारी रुग्णालयाचं वयाचं प्रमाणपत्र. दिव्यांगत्व किमान 40 टक्के. प्रमाणपत्र ऑनलाइन काढलेलं हवं, युडीआयडी कार्डासह (दिव्यांगांचं ओळखपत्र).

अर्ज सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून भरता येतो. अर्ज क्रमांकाची पोच जपून ठेवा. तलाठ्याच्या चौकशीनंतर प्रकरण तालुका समितीपुढे जातं. बैठक कधी होते यावरच सगळी दिरंगाई अवलंबून. दोन-तीन महिने काहीच कळलं नाही तर संगायो शाखेत अर्ज क्रमांक देऊन लेखी विचारा. तरी उत्तर नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जाने (दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत) बैठकीचं इतिवृत्त आणि नामंजुरीचं कारण मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'अपात्र' एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नका. कुठला कागद कमी पडला हे कळलं तर पुन्हा अर्ज करता येतो. तक्रार मांडायला जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

मंजूर झालं, पैसे आले नाहीत

अनुदान आता आधारच्या आधारे थेट खात्यात जमा होतं, यालाच डीबीटी म्हणतात. 'खात्याला आधार जोडलंय' आणि 'डीबीटी त्या खात्यावर चालू आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे अर्जात दिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी डीबीटीसाठी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्ये कुणी पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिथे साठत असतात, आणि आजी जुनं पासबुक घेऊन बँकेत खेपा घालते. बँकेत विचारायचा प्रश्न असा: "माझ्या आधारला डीबीटीसाठी कुठली बँक जोडलेली आहे?"

वर्षातून एकदा हयातीची नोंद झाली नाही तर अनुदान थांबतं. आणि 1,500 चं अनुदान घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे 1,500 सोबत मिळत नाहीत. दोन्ही घेतले तर पुढे वसुली निघू शकते.

ग्रामपंचायतीला या अनुदानातून परस्पर घरफाळा कापता येत नाही. उलट घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यासाठीचा अर्ज थकबाकीच्या अर्जासोबतच, त्याच खिडकीवर द्या आणि दोन्हींची पोच वेगवेगळी घ्या.