नव्या मदर जनरल येतात तेव्हा

कॉन्व्हेंटला नव्या मदर जनरल, म्हणजे सिस्टरांच्या सगळ्या संघाच्या प्रमुख, भेट देणार असल्या, की नाशिकरोडला स्वागताची तयारी माझ्याकडे येते. सुरुवात प्रार्थनेपासून करा. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, मदर जनरलची निवड मतदानाने होते आणि संघाच्या नियमावलीत वेगळं नसेल तर पद ठरावीक मुदतीचं असतं. म्हणून त्यांचं जनरल चॅप्टर, म्हणजे ही निवड करणारी संघाची सभा, भरते त्या आठवड्यापासूनच रविवारच्या मिस्सात त्यांच्यासाठी विनंती वाचून घ्या. वाचायला स्वयंपाकघरातल्या मावशींना सांगा. सिस्टरांबरोबर रोज राबणाऱ्या बाईच्या तोंडून ती मनापासून येते.

हार एकच, शेवंतीचा. फेब्रुवारी-मार्च असेल तर अर्पणविधीत द्राक्षांची परडी न्या, आपल्या जिल्ह्याचं पीक आहे ते. शाल-श्रीफळाचा खर्च टाळा. त्याऐवजी वस्तीतल्या बायकांना सिस्टरांकडून काय हवंय ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या: शिवणवर्ग, संध्याकाळचा दवाखाना, मुलींसाठी अभ्यासिका. ही वही मदरच्या हातात द्या. पुढच्या वर्षांबद्दल मला खरी आशा वाटते ती तिच्यामुळेच.

मावळत्या मदर आल्या असतील तर त्यांना पहिल्या रांगेत बसवा, आभार आधी त्यांचे. भाषणं दोनच ठेवा. पाहुण्या प्रवासाने दमलेल्या असतात, साडेबाराला पानं वाढायला घ्या.